चौघींचं गाणं

गहिनीनाथानं भोंग्याचं तोंड आधी मारुतीच्या देवळाकडं करून बांधलं, खाली उतरून एकवार पाहिलं, आणि पुन्हा लिंबावर चढून ते विहिरीच्या दिशेला वळवलं. देवळाच्या पायरीवर बसणाऱ्यांना गाण्याचं फारसं सोयरसुतक नसतं. विहिरीवर बाया असतात, आणि लग्नघरचं पाणी ओढणाऱ्या बायांच्या कानावर गाणं गेलं नाही तर हंडे निम्मेच भरून येतात, असा त्याचा बारा वर्षांचा अनुभव होता.

“आरं, उतर खाली! पन्नाशी उलटली तुझी, अजून काय झाडं चढतोस?” खालून रतनबाई ओरडली.

रतनबाई त्याची शेजारीण. साठीच्या घरातली, अंगानं काडी आणि आवाजानं खणखणीत. गावात कुणाच्याही घरची हळद दळायची तर जात्याच्या खुंट्याला पहिला हात तिचा लागायचा. आज आप्पासाहेबांच्या पुष्पावतीचं लग्न होतं, आणि सकाळपासून रतनबाईनं त्या घरातल्या एकाही माणसाला बसू दिलं नव्हतं.

“आदी चौघी लाव,” ती म्हणाली. “पोर पाटावर बसलीय. चौघींबिगर मी हळदीला हात लावायची न्हाई.”

“लावतो की. चौघींबिगर हळद लागती का ह्या गावात?”

गहिनीनाथ उतरला, धोतराला हात पुसले आणि मांडवाच्या कडेला बाजेवर मांडलेल्या मशीनपाशी बसला. पेटीच्या तळातून त्यानं फडक्यात गुंडाळलेली रेकॉर्ड काढली. त्याच्याकडच्या बाकीच्या रेकॉर्डी जुन्या, जाडजूड, ताटलीएवढ्या. ही मात्र बशीएवढी, पातळ, आणि मधलं भोक भलतंच मोठं. त्या भोकात बसेल अशी बाभळीची चकती गावच्या सुतारानं करून दिली होती. चकती बसली, सुई टेकली, आणि विहिरीपासून वेशीपर्यंत चार बारीक, धावते आवाज उधळले.

“आल्या गं, आल्या!” मांडवात बायांचा गलका झाला. विहिरीवर कुणीतरी रहाट सोडून टाळ्या पिटल्या.

सिनेमातलं गाणं कितीही चांगलं असो, दोन लग्नसराया झाल्या की शिळं होतं. ही रेकॉर्ड चार उन्हाळे वाजत होती, तरी माणसांना तिचा वीट येत नव्हता. गाण्यातला एक शब्द कुणाला कळत असेल तर शपथ. पण सोनईच्या आसपासच्या पाच-सात गावांत लग्न ठरलं की बस्ता कुणी बांधायचा, मानपान कसा करायचा ह्याच्या जोडीनं हळदीला गहिनीनाथाचा भोंगा आणि चौघी वाजतील, हेही यादीत लिहिलं जायचं. एका नवरदेवाच्या बापानं तर चौघी दुसऱ्या लग्नात गुंतल्या आहेत म्हणून तिथी पुढं ढकलली होती.

रेकॉर्ड आली ती एका अमेरिकन पोराकडून. पाच वर्षांमागं तो गावात कोंबड्या पाळायला शिकवायला आला होता. वर्षभर राहिला. कोंबड्या मानमोडीच्या रोगानं गेल्या, मग पोरगाही गेला. जाताना एस.टी.च्या पायरीवरून त्यानं ही रेकॉर्ड गहिनीनाथाच्या हातात ठेवली, आपल्या मोडक्या मराठीत काहीतरी बोलला, आणि इंजिनाच्या आवाजात ते कळण्याआधीच गाडी हलली.

पुढच्याच लग्नात गहिनीनाथानं ती लावली, आणि सगळ्या बाया मशीनभोवती गोळा झाल्या.

“कोन गं बाई ह्या?”

गहिनीनाथानं कान देऊन आवाज मोजले. “अमेरिकेच्या भैनी हायत. चौघी सख्ख्या.”

एवढंच बोलून तो थांबला असता तर बरं होतं. पण जिभेला हाड नसतं, आणि ऐकणारं माणूस समोर दिसलं की गहिनीनाथाच्या जिभेला तर मुळीच नसायचं. लगीन झालंय का त्यांचं, असं कुणी विचारलं. न्हाई, तो म्हणाला, चौघींनी आन घेतलीय. एकाच गावात, एकाच आळीत चार घरं मिळतील तरच लगीन करायचं, न्हाईतर न्हाई. बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तो थांबेना. बाप कुणबी, जमीन कोरडवाहू. आई लहानपणी गेली, थोरलीनं बाकीच्यांना वाढवलं. थोरलीचा आवाज जरा दमदार होता. दहा घरची कामं करून तो बाप्यासारखा झालाय, असं बायांनीच ठरवलं. गाण्याच्या शेवटी शेवटी एक आवाज हुंदका दिल्यासारखा अडखळायचा, ती धाकटी. दरवर्षी लग्नसराई सुरू झाली की बाया विचारायच्या, आन् गहिनीनाथ, औंदा चौघींचं काय? आणि गहिनीनाथ सांगायचा; गेल्या साली तर एकाच आळीत चार घरं मिळून चौघींची लग्नंही झाली होती. पोरगा पत्र पाठवतो, म्हणायचा. पत्र कधी एकही आलं नव्हतं.

आणि लोक विश्वास ठेवायचे, कारण माणूस विश्वासाचा होता. देवी टोचायला डॉक्टर कधी येणार, रेशनच्या दुकानात साखर कधी येणार, सगळं गहिनीनाथाच्या भोंग्यातून गावाला कळायचं. मागच्या हिवाळ्यात लढाई चालू असताना रोज संध्याकाळी रेडिओवरच्या बातम्या तो भोंग्यातून सांगायचा, आणि एकदाही त्यानं पदरचा शब्द घातला नव्हता. गहिनीनाथाच्या भोंग्यातून आलं म्हणजे खरं, असं सरपंचसुद्धा म्हणायचा. ह्या एका गोष्टीचा गहिनीनाथाला फार अभिमान होता. चौघींची गोष्ट त्यात बसत नाही, हे तो स्वतःला फारसं आठवू द्यायचा नाही.

गाणं संपलं. बाया ‘पुन्यांदा, पुन्यांदा’ करू लागल्या. त्यानं सुई उचलून परत टेकवली आणि वर पाहिलं तर समोर नवरदेवाचे मामा उभे.

हवालदार मच्छिंद्र. नगरच्या छावणीत रणगाड्यांवरचे वायरलेस दुरुस्त करणारा माणूस, लढाईवरून पाच महिन्यांपूर्वी सुखरूप परत आलेला. आज नवऱ्याइतकाच मान त्याला होता. कडक इस्त्रीचा सदरा, ओठांवर कातरलेल्या मिशा, आणि मान एका बाजूला कलती करून तो गाणं ऐकत होता.

“ही रेकॉर्ड पळतेय,” तो म्हणाला.

“न्हाई मामा. गानंच पळतं हाय.”

“थांबा.” मच्छिंद्र बाजेपाशी उकिडवा बसला. मशीनच्या कडेला एक खटका होता, त्याच्यापुढं चार आकडे. खटका शेवटच्या आकड्यावर होता आणि सुतळीनं करकचून बांधलेला. “हा का बांधलाय?”

“घसरतो मेला. गानं मधीच रडाया लागतं.”

“अठ्ठ्याहत्तर.” मच्छिंद्रानं फिरत्या रेकॉर्डवरची अक्षरं डोळे बारीक करून वाचायचा प्रयत्न केला, ते जमेना तेव्हा गाणं संपायची वाट पाहिली. मग रेकॉर्ड उचलून उजेडात धरली. “आणि हिच्यावर लिहिलंय पंचेचाळीस. तुम्ही दुप्पट नाही, पण दीडपटीच्या वर पळवताय तिला.”

गहिनीनाथानं मांडवातल्या बायांकडं पाहिलं. नेमकं काय चुकलंय ते त्याला अजून कळलं नव्हतं, पण काहीतरी उघडं पडायला निघालंय एवढं कळलं.

“मामा, हितं नगं. वायर काडतो, मग बगा.”

त्यानं भोंग्याची वायर सोडवली. मच्छिंद्रानं सुतळीची गाठ सोडली आणि खटका एक घर मागं घेतला. भोंगा नसला तरी सुईचं स्वतःचं असं एक बारीक गाणं असतं. जवळ कान नेला तर ऐकू येतं. दोघांनी डोकी जवळ आणून कान लावले.

आधी गहिनीनाथाला वाटलं, बॅटरी बसली. मग त्याला आवाज ऐकू आले. बाप्ये. चौघंही बाप्ये. थोरली विहिरीच्या तळातून बोलावं तशी बोलत होती. मधले दोन आवाज एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालल्यासारखे. आणि धाकटीचा हुंदका आला तेव्हा तो एका तरण्या गड्याच्या गळ्यातून आला. कुणाची तरी माफी मागत असावा, किंवा निघून गेलेल्या कुणाला तरी परत बोलवत असावा. पळताना जे ध्यानात येत नव्हतं ते आता एकेक पाऊल टाकत समोर येत होतं. गाणं सुंदर होतं. पहिल्यापेक्षाही सुंदर होतं, आणि ते ऐकताना गहिनीनाथाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“हे चौघं मला माहीत आहेत,” मच्छिंद्र खूष होऊन म्हणाला. “आमच्या वर्कशॉपच्या रेडिओवर कितीदा लागायचे. दहा वर्षं झाली, अजून गाजतायत. एखादा सोडून गेला तर त्याच्या जागी दुसरा उभा करतात, पण मंडळी मोडू देत नाहीत.”

“भजनी मंडळावानी,” गहिनीनाथ कसंबसं म्हणाला.

“तसंच. आता असं करू, पंगत बसली की ही बरोबर चालीवर लावू. एवढी चांगली चीज, लोकांनी चुकीची कशाला ऐकायची?”

“मामा, गावाला वाटतं त्या बाया हायत.”

“मग खरं काय ते कळेल की. कुणी सांगितलं गावाला बाया म्हणून?”

गहिनीनाथ सुतळी बोटाला गुंडाळत राहिला. मच्छिंद्र वाईट माणूस नव्हता. बिघाड दिसला की दुरुस्त करायचा, एवढंच तो जन्मभर करत आला होता. दुरुस्तीनं कुणाचं नुकसान होईल हे त्याच्या डोक्यातच येण्यासारखं नव्हतं. त्यानं तिथूनच हाक मारली, “आप्पासाहेब, पंगतीला एक रेकॉर्ड मी माझ्या हातानं लावणार आहे!”

आप्पासाहेब व्याह्यांच्या सरबराईत घामाघूम झालेले. फेटा सावरत ते म्हणाले, “लावा की मामा! तुमचा शबुद म्हंजी हुकूम. गहिनीनाथ, मामा म्हंतील तसं करायचं बरं का.”

झालं. मुलीच्या बापानं वराच्या मामाला शब्द दिला. आता त्यात कुणी ब्र काढू शकत नव्हतं.

अक्षता पडेपर्यंतचे दोन तास गहिनीनाथानं कसे काढले ते त्याचं त्याला ठाऊक. एकदा रेकॉर्ड फडक्यातून काढून त्यानं गुडघ्यावर ठेवली. दोन्ही कडा धरून जरा जोर दिला की काम झालं असतं. चुकून वर बूड टेकलं, फुटली, असं सांगता आलं असतं. त्याचे अंगठे कडांवर टेकलेही. पण चार वर्षं जिला तान्ह्या पोरासारखं फडक्यात गुंडाळून ठेवलं तिच्यावर हात चालेना. त्यानं ती परत गुंडाळली आणि पेटीत ठेवली.

त्याला हसू होण्याची भीती नव्हती. लग्नात लोक कशालाही हसतात, दुसऱ्या लग्नापर्यंत विसरतात. पण उद्या भोंग्यातून डॉक्टर येणार म्हणून सांगितलं आणि कुणी म्हणालं, हा तर चौघींच्या पत्रांची गोष्ट सांगणारा, चार वर्षं एका दमात खोटं बोलणारा, ह्याचं काय ऐकायचं, तर? पोरांना टोचायला आणलं नाही, तर? आणि त्याहून त्याला खुपत होतं ते रतनबाईचं तोंड. दरवर्षी चौघींची खुशाली सगळ्यांत आधी विचारायला यायची ती रतनबाई. गोष्ट ऐकून झाली की गुपचूप पदर डोळ्याला लावायची. तिला काय सांगायचं, हे त्याला सुचत नव्हतं.

पुरुषांची पंगत उठली. बायांची बसली. बुंदी वाढून झाली, आणि मच्छिंद्र हात पुसत बाजेपाशी आला. त्यानं माईक हातात घेतला.

“मंडळी, तुमच्या आवडीची रेकॉर्ड आता तिच्या खऱ्या चालीवर ऐका.”

सुई टेकली. लिंबावरच्या भोंग्यातून त्या जडशीळ, सावकाश आवाजात एक गडी बोलू लागला, मागून तिघांनी त्याला उचलून धरलं, आणि सगळ्या मांडवात बायांचे घास हातातच राहिले. वाढणाऱ्यांची वरणाची बादली थांबली. पुष्पावती नवऱ्याशेजारी बसली होती, तिनं मुंडावळ्या बाजूला सारून भोंग्याकडं पाहिलं.

“ह्ये कोन?” छबूबाई म्हणाली. छबूबाईची जीभ गावात सगळ्यांत धारदार. “चौघी कुठं गेल्या?”

छबूबाईनं मान वळवली. “गहिनीनाथ, ह्ये बाप्ये कोन हायत? आन् आमचीच रेकॉर्ड कशी ही?”

दोनशे बायांचे डोळे त्याच्यावर आले. गहिनीनाथ उठून उभा राहिला. ह्या घटकेला एखादी नवी गोष्ट जिभेवर येईल असं त्याला वाटलं होतं. आजवर कधी अडलं नव्हतं. पण आज आली नाही. आणि मग त्याच्या ध्यानात आलं की त्याला आता खोटं बोलायचंच नाही. चार वर्षांचं ओझं होतं, एकदाचं खाली ठेवावं.

“छबूबाई,” तो म्हणाला, “खरं सांगायचं तर त्या चौघी...”

“भाऊ हायत त्यांचे!”

रतनबाई पंगतीतून उठली होती. हातावर वरणभात तसाच. “कान फुटलं का गं तुमचं? ऐकायला येत न्हाई? घरचंच वळन हाय. त्यो मागला बग, हुंदका कसा देतो. धाकटीचा पाठचा आसंल.”

क्षणभर मांडवात चुळबूळ झाली. मग कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, “व्हय गं, आगदी धाकटीवानी.”

“आन् त्यो जाड आवाजाचा थोरलीच्या वरचा.”

“वरचा नसंल. थोरलीनंच समद्यांना वाढवलंय. खालचाच.”

“म्हंजी चार भैनी आन् चार भाऊ? आठ झाले की!”

“मग तुझ्या सासूला किती झाले?” छबूबाई म्हणाली, आणि पंगत हसली.

मच्छिंद्र मात्र हसत नव्हता. चुकीची गोष्ट डोळ्यांदेखत उभी राहत असलेली त्याला पाहवेना. त्यानं माईक तोंडापाशी नेला, तेवढ्यात रतनबाईनं त्याला गाठलं.

“मामा, तुमी शिकल्यालं मानूस. तुमी सांगा. एकाच घरचे हायत का न्हाईत?”

मच्छिंद्रानं तिच्याकडं पाहिलं. मग गहिनीनाथाकडं पाहिलं. गहिनीनाथ दोन्ही हात खाली सोडून उभा होता, शिक्षा ऐकायला उभं राहावं तसा. मच्छिंद्रानं बाजेवरच्या सोडलेल्या सुतळीकडं पाहिलं, मिशीवरून बोट फिरवलं, आणि माईकमधून म्हणाला,

“आवाज एकाच घरचा आहे, एवढं मी सांगू शकतो.”

गहिनीनाथ बाजेच्या कडेला बसला. पाठीवरून घामाचा ओघळ कंबरेपर्यंत गेलेला त्याला तेव्हा कळला. सकाळपासून छातीवर ठेवलेलं जातं कुणीतरी उचलून बाजूला ठेवलं होतं. त्याला एकाएकी भूक लागली, तहान लागली, हसू आलं आणि डोळेही भरले. पलीकडं बादलीतलं वरण पुन्हा पानात पडू लागलं. भाऊ गात राहिले. बाया जेवता जेवता ऐकत होत्या, आणि दुसऱ्यांदा लावा म्हणून सांगणारी पहिली छबूबाईच होती.

उन्हं उतरली तशी पाठवणीची वेळ झाली. पुष्पावतीला गाडीत बसवलं. ती रडून रडून थकलेली. गाडीच्या दांडीला धरून ती गहिनीनाथाला म्हणाली, “नाथकाका, जाताना भैनी लावा. भावांचं चांगलं हाय, पर जाताना भैनी पायजेत.”

गहिनीनाथानं मच्छिंद्राकडं पाहिलं. मच्छिंद्र बाजेपाशी बसला, खटका स्वतःच्या हातानं अठ्ठ्याहत्तरवर नेला आणि सुतळी गुंडाळून बांधली. गाठ फौजी होती, पक्की. गाडी वेशीबाहेर पडून ओढ्यापलीकडं जाईपर्यंत चौघी गात होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गहिनीनाथ रतनबाईच्या ओट्यावर जाऊन बसला. रात्रभर त्याला गाढ झोप लागली होती, आणि उठल्यावर पहिली गोष्ट मनात आली ती ही, की गावापुढं लाज राहिली असली, तरी हिच्यापाशी खरं बोलायला हवं. रतनबाई सूप घेऊन बाजरी पाखडत होती. लग्नाच्या दगदगीनं तिचा आवाज जरा बसला होता.

“काल तू लाज राखलीस,” तो म्हणाला.

“कुनाची?”

“माजी. रतनबाई, त्यांला भाऊबिऊ काय न्हाईत. आन् भैनी तर न्हाईतच न्हाईत. मशीन पळत हुतं म्हनून बायांवानी ऐकू यायचं. बाकीचं समदं माज्या पदरचं. पत्रं बी.”

रतनबाईचं सूप थांबलं नाही. दोनदा वर गेलं, खाली आलं. मग तिनं ते भिंतीला टेकवलं आणि घरात गेली. आत फडताळाचं दार वाजलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कागदाचं एक चौकोनी पाकीट होतं, घडीवर जरा फाटलेलं. तिनं ते त्याच्यापुढं ठेवलं.

पाकिटावर चार बाप्यांचा फोटो होता. चौघांचे कोट एकासारखे एक, चौघांचे बूट चकचकीत, आणि चौघंही एकच पाय पुढं टाकून हसत उभे.

“कोंबडीवाला पोरगा माज्याच पडवीत ऱ्हायचा न्हवं का,” ती म्हणाली. “सांजच्याला भाकरीला आला की ह्ये दाखवायचा. ह्ये माजे गानेवाले, म्हनायचा. जाताना अंड्यांच्या पाटीखाली ऱ्हायलं. मला वाटायचं गोरे आसतील, तर बग, आपल्या मळ्यातल्या गड्यांवानी सावळे.”

गहिनीनाथ फोटोकडं पाहतच राहिला.

“म्हंजी तुला ठाव हुतं? चार वर्सं?”

“पयल्या दिसापास्नं.”

“मग बोलली का न्हाईस? दरवर्सी यीवून ऐकत बसायचीस, डोळं पुसायचीस. आन् मी आपला...”

रतनबाई ओट्याच्या कडेला बसली. अंगणात चिमण्या बाजरीवर उतरल्या होत्या. एरवी तिनं हुसकल्या असत्या, आज नाही हुसकल्या.

“आमी चौघी भैनी हुतो,” ती म्हणाली. “मी हितं आले. एक राहात्याला दिली, एक तिकडं पार पाथर्डीकडं, कोयत्यावर ऊस तोडाया जानाऱ्या घरात. माज्या लग्नात चौघी एका ठिकानी हुतो, त्याच्यामागं कधी चौघी एका मांडवात बसलो न्हाई. एकीला सवड आसली की दुसरीला नसायची.” तिनं सांडलेली बाजरी चिमण्यांकडं सारली. “धाकटी पयल्या बाळंतपनात गेली. सतरा वर्सांची. मला सांगावा आला तवा पाच दिस झाले हुते.”

गहिनीनाथानं पाकीट उचललं, पदरासारखं सांभाळून तिच्या हातात परत दिलं. तिनं ते घेतलं, फोटोवरची धूळ तळहातानं पुसली आणि मांडीवर उपडं ठेवलं.

“काल त्या लढाईवाल्या मामानं लावलं तवा मी बी घाबरले,” ती म्हणाली. “म्हनलं, आता गहिनीनाथ सांगायचा बंद हुतो.”

मग तिनं पाय ओट्यावर घेतले, सूप बाजूला सारलं, आणि दरवर्षी बसायची तशी भिंतीला टेकून बसली.

“गडबड न्हाई ना तुला? मग सांग. औंदा धाकटीचं काय? बरी हाय ना ती?”

गहिनीनाथानं एकदा घसा साफ केला.

“लई बरी हाय,” तो म्हणाला. “परवाच पत्र आलं. पोरगी झालीय तिला, आन् दोगीबी खुशाल हायत.”